वारस मुलगी आणि बापाचा कारोबार

"मुलीला दुकानात बसवून काय करायचे? ती तर उद्या परक्या घरी जाणार." कापड बाजारात हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे आणि खरे सांगायचे तर स्वतःही बोललो आहोत. मुलगा सातवी-आठवीत गेला की सुट्टीत त्याला दुकानावर आणायचे, ठाण मोजायला शिकवायचे, दलालाशी बोलणी चालू असताना शेजारी बसवायचे, हा आपल्याकडचा रिवाज. मुलगी हुशार असली तर तिला शाळेत घालायचे, अलीकडे कॉलेजातही पाठवायचे. पण गल्ल्याजवळ तिचे काम नाही असे आपण धरून चालतो.

आज आम्ही व्यापारी बांधवांपुढे अमेरिकेतील एका बापाची आणि त्याच्या एकुलत्या एका मुलीची हकीकत ठेवत आहोत. मुलीचे नाव मार्जोरी मेरीवेदर पोस्ट. जन्म १८८७, मृत्यू १९७३. एके काळी अमेरिकेतील सर्वांत श्रीमंत स्त्रियांमध्ये त्यांची गणना होत असे. त्यांच्या महालांवर आणि दागिन्यांवर भरपूर लिहिले गेले आहे. आम्ही त्यांच्या कारोबाराविषयी लिहिणार आहोत, कारण आपल्या उपयोगाचे जे काही आहे ते तिथे आहे.

वडील चार्ल्स विल्यम पोस्ट हे इलिनॉय राज्यातील स्प्रिंगफील्डचे. शेतीची अवजारे बनवणे आणि विकणे हा त्यांचा पहिला धंदा. त्यात अपयश आले, प्रकृतीही ढासळली. १८९१ मध्ये ते बायको-मुलीसह मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक या गावी डॉ. जॉन हार्वे केलॉग यांच्या आरोग्यधामात उपचारासाठी दाखल झाले. कॉर्नफ्लेक्सच्या डब्यावर जे केलॉग नाव आपण वाचतो, त्याच घराण्यातले हे डॉक्टर. तिथे रुग्णांना चहा-कॉफी वर्ज्य असे आणि धान्यापासून बनवलेले पदार्थ देत. पोस्ट यांची तब्येत तिथे काही सुधारली नाही. पण धान्य भाजून, दळून, डब्यात भरून विकता येते ही गोष्ट मात्र त्यांच्या डोक्यात पक्की बसली. आपली कल्पना उचलली, असे केलॉग मंडळींचे म्हणणे शेवटपर्यंत होते.

१८९५ मध्ये पोस्ट यांनी एका पांढऱ्या कोठारात गहू, कोंडा आणि काकवी भाजून 'पोस्टम' नावाची पूड तयार केली. कॉफीऐवजी प्यायची. मार्जोरी तेव्हा जेमतेम आठ वर्षांची होती. त्या कोठारात बसून पाकिटांना खळ लावून लेबल चिकटवणे हे तिचे काम. पुढे १८९७ मध्ये 'ग्रेप-नट्स' आले. नावात द्राक्षही आहे आणि सुका मेवाही आहे, मालात दोन्ही नाहीत. गहू आणि जवाचा तो कुरकुरीत दाणा आहे. माल खपला तो जाहिरातीवर. कॉफी प्याल तर नसा कमजोर होतील अशा जाहिराती पोस्ट यांनी वर्तमानपत्रांतून इतक्या दिल्या की लोक खरोखरच घाबरले. ग्रेप-नट्स खाल्ल्याने अपेंडिक्सचा आजार टळतो असाही दावा झाला. 'कॉलिअर्स' या साप्ताहिकाने त्यावर टीका केली, प्रकरण कोर्टात गेले आणि १९१० मध्ये ज्यूरीने पोस्ट यांच्याविरुद्ध ५० हजार डॉलरचा निकाल दिला. तो निकाल पुढे अपिलात टिकला नाही. पण १९१४ मध्ये खुद्द पोस्ट यांनाच अपेंडिक्सच्या ऑपरेशनसाठी इस्पितळात जावे लागले. मालाची खोटी तारीफ करून विकणे याविषयी आपल्या दीनमध्ये काय सांगितले आहे ते वाचकांना माहीत आहे. आम्ही लांबण लावत नाही.

याच पोस्ट यांची आणखी एक हकीकत आपल्या पॅकिंगवाल्या मंडळींनी ध्यानात घेण्यासारखी आहे. १९०४ मध्ये त्यांनी मक्याचे फ्लेक्स काढले आणि नाव दिले 'इलायजाज मॅना'. इलायजा म्हणजे आपल्याकडील हजरत इलियास (अलै.), आणि मॅना म्हणजे बनी इस्राईलवर उतरलेले मन्न. डब्यावर पैगंबरांचे चित्रही छापले होते. धार्मिक ख्रिस्ती लोक भडकले, पाद्र्यांनी चर्चमधून निषेध केला, इंग्लंडमध्ये त्या नावाची नोंदणीच नाकारली गेली. १९०८ मध्ये निमूटपणे नाव बदलून 'पोस्ट टोस्टीज' करावे लागले. आपल्याकडे पवित्र नावे आणि इमारतींची चित्रे अगरबत्तीच्या पुड्यांवर, प्लास्टिकच्या पिशव्यांवर छापली जातात आणि दुसऱ्या दिवशी गटारात दिसतात, तेव्हा आम्हाला या डब्याची आठवण होते.

आता मुलीकडे वळू. मार्जोरी दहा वर्षांची झाली तसे पोस्ट तिला संचालकांच्या बैठकीला नेऊ लागले. ती कोपऱ्यात बसून ऐके. बैठक संपल्यावर बाप तिला विचारी : काय ठरले? का ठरले? तुला काय वाटते? कारखान्यात फिरवून कोणते यंत्र काय करते ते दाखवी. सौद्याच्या प्रवासालाही सोबत नेई. पोस्ट यांच्या जाहिराती आम्हाला पसंत नाहीत, पण या एका गोष्टीत त्यांचे कौतुक करावेच लागेल. मुलगा नाही म्हणून पुतण्या-भाच्याला तयार करणारे, किंवा जावई कसा मिळतो याची वाट पाहणारे बाप आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

मे १९१४ मध्ये, दीर्घ आजाराला कंटाळून पोस्ट यांनी आपल्या हाताने जीवन संपवले. मार्जोरी २७ वर्षांची होती. सावत्र आईशी वारशाचा वाद झाला, तो तडजोडीने मिटला आणि कंपनी मार्जोरीकडे आली. मिळकत सुमारे दोन कोटी डॉलरची धरली जाते. आपल्या शरीअतच्या हिशोबाने पाहिले तर एकुलत्या एका मुलीला रुपयात आठ आणे, विधवेला दोन आणे आणि उरलेले बाप, भाऊ अशा नातलगांना मिळाले असते. अमेरिकेत मृत्युपत्र करणाऱ्याच्या मर्जीवर बरेच काही असते. आपल्याकडे सूरह निसामध्ये हिस्से नेमून दिले आहेत, बापाच्या मर्जीवर सोडलेले नाहीत.

परंतु मालकी मिळाली म्हणजे खुर्ची मिळाली असे झाले नाही. १९१४ च्या अमेरिकेत स्त्रियांना देशभर मताचा अधिकारही नव्हता. तो १९२० मध्ये मिळाला. मोठ्या कंपनीच्या संचालक मंडळात बाई बसत नसे. बापाने दहाव्या वर्षी जिला बैठकीत बसवले, तिला मालकीण झाल्यावर त्याच बैठकीत जागा नव्हती. तिच्या वतीने घरचे पुरुष बोलत. पहिला विवाह १९०५ मध्ये एडवर्ड क्लोज यांच्याशी झाला होता, तो १९१९ मध्ये तुटला. १९२० मध्ये शेअर दलाल ई. एफ. हटन यांच्याशी दुसरा विवाह झाला. १९२२ मध्ये कंपनीचे शेअर बाजारात आले आणि १९२३ मध्ये हटन अध्यक्ष झाले.

हटन हुशार माणूस होता यात शंका नाही. एकट्या पोस्टमवर आणि फ्लेक्सवर कंपनी किती दिवस चालणार? म्हणून त्यांनी चालू नावाची दुकाने विकत घेण्याचा सपाटा लावला. १९२५ मध्ये 'जेल-ओ' घेतली. (ही जेली ज्या जिलेटिनपासून बनते ते जनावरांच्या कातडी-हाडांतून निघते, म्हणून अशा मालाच्या पाकिटावर हलालचा शिक्का आहे की नाही हे आपण आजही पाहतो.) १९२७ मध्ये बेकरचे चॉकलेट आले. आणि १९२८ मध्ये 'मॅक्सवेल हाऊस' घेतली. ही कॉफीची कंपनी! ज्या घराने कॉफीला शिव्या देऊन पैसा कमावला त्याच घराने कॉफी विकायला घेतली. पोस्ट हयात असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. धंद्यात असे होते. ज्यांनी पॉलिस्टरला नावे ठेवली त्यांच्याच दुकानात पुढे पॉलिस्टरची थप्पी लागलेली आम्ही पाहिली आहे.

या सर्व खरेद्यांत जी सर्वांत मोठी ठरली ती मात्र मार्जोरीबाईंच्या डोक्यातून निघाली. हकीकत अशी सांगतात : १९२६ मध्ये त्यांची नौका मॅसॅच्युसेट्स राज्यातील ग्लॉस्टर या मासेमारीच्या बंदरात थांबली होती. जेवणात बदकाच्या जातीचा मोठा पक्षी, हंस, वाढला गेला. चव ताज्या मांसाची. चौकशी केली तर कळले की तो कित्येक महिन्यांपूर्वीचा, गोठवलेला आहे. दुसरी एखादी श्रीमंत बाई आश्चर्य करून हात धुवायला उठली असती. या बाई विचारत विचारत तो पक्षी कोणी गोठवला त्या माणसाच्या कारखान्यात जाऊन थडकल्या.

त्या माणसाचे नाव क्लॅरेन्स बर्ड्सआय. काही वर्षे तो कॅनडाच्या ईशान्येस लॅब्राडोरच्या बर्फाळ मुलखात राहिला होता. तिथले मूळ रहिवासी कडाक्याच्या थंडीत मासा पाण्याबाहेर काढत आणि तो क्षणात दगडासारखा होई. महिन्यांनंतर वितळवला तरी चव ताजी. याचे इंगित त्याने शोधून काढले. मांस किंवा भाजी सावकाश गोठवली तर आतल्या पाण्याचे मोठे स्फटिक बनतात, ते पेशी फाडतात आणि वितळवल्यावर सारा रस गळून लगदा उरतो. तेच झटपट गोठवले तर स्फटिक अगदी बारीक राहतात आणि पेशी शाबूत राहतात. त्याने माल पाकिटात भरून दोन अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्ये दाबून गोठवण्याचे यंत्र बनवले. त्याची पहिली कंपनी १९२४ मध्ये बुडाली होती. १९२५ पासून ग्लॉस्टरला दुसरी चालवत होता, भांडवलाची ओढाताण होतीच.

मार्जोरीबाईंनी घरी येऊन आग्रह धरला की हे विकत घ्या. हटन आणि संचालकांनी मान हलवली नाही. त्यांचे म्हणणेही अगदी चुकीचे नव्हते. असा माल ठेवायला किराणा दुकानदाराकडे थंड पेटी हवी, ती कोणाकडेच नाही. ती विजेवर चालणार, महाग पडणार. शिवाय गोठवलेला माल म्हणजे शिळा माल, ही ग्राहकाची समजूत. दुकानदाराच्या जागी बसून पाहिले तर आम्हीही कदाचित हेच म्हटले असते. पण बाईंनी तीन वर्षे पिच्छा सोडला नाही. शेवटी १९२९ मध्ये, एका मोठ्या बँकिंग पेढीला भागीदार घेऊन, बर्ड्सआयचा धंदा दोन कोटी वीस लाख डॉलरला खरेदी झाला. यातील बहुतेक रक्कम पेटंटची, म्हणजे त्या माणसाच्या अकलेची होती. कारखाना आणि यंत्रे यांची किंमत त्या मानाने किरकोळ. आपल्या कारागीर बांधवांनी हा आकडा पुन्हा एकदा वाचावा. त्याच वर्षी कंपनीचे नाव बदलून 'जनरल फूड्स' झाले. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरात (हे वेगळे स्प्रिंगफील्ड) अठरा दुकानांतून गोठवलेले मांस, मासे, पालक, वाटाणा, फळे विक्रीला ठेवली गेली. दुकानदारांकडे पेट्या नाहीत ही अडचण पुढे कंपनीने स्वतः पेट्या भाड्याने देऊन सोडवली. आज मॉलच्या फ्रीझरमधून गोठवलेल्या मटारची पिशवी उचलतो तो सारा कारभार तिथून सुरू झाला.

जी बैठकीत बसू शकत नव्हती तिला जे दिसले, ते बैठकीत बसणाऱ्यांना दिसायला तीन वर्षे लागली.

इथे आम्हाला आमच्या घरची एक गोष्ट सांगणे भाग आहे. आमच्या वालिदसाहेबांच्या हयातीत उधारीची वही आमची बहीण लिहीत असे. तिचे अक्षर सुरेख, बेरीज तोंडी. कोणत्या गावचा दुकानदार कापूस विकल्यावर पैसे देतो, कोण लग्नसराईनंतर देतो, कोणाला दोनदा निरोप पाठवावा लागतो, हे तिला पाठ होते. वालिदसाहेबांचे निधन झाले. चाळीसाव्यानंतर आम्ही भावांनी हक्कसोडपत्र तयार करून आणले. तिने एक शब्दही न बोलता सही केली आणि चहा करायला आत गेली. तिच्या लग्नात खर्च केला होता, असे आम्ही मनाला समजावले. पण लग्नाचा खर्च आणि वारशाचा हिस्सा या दोन वेगळ्या बाबी आहेत हे आम्हाला त्या वेळीही माहीत होते. दोन वर्षांनी एका पार्टीकडे आमची मोठी उधारी बुडाली. ईदला बहीण आली तेव्हा हा विषय निघाला. ती म्हणाली, "भाईजान, अब्बांनी त्या पार्टीला कधी दोन महिन्यांच्या वर उधार दिलं नव्हतं. वहीत पानाच्या कडेला खूण आहे." आम्ही वही काढून पाहिली. खूण होती. तिला कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याचा रस्ता आम्हीच सही घेऊन बंद केला होता. पुढे तिचा हिस्सा हिशोब करून दिला, पण उशिरा दिला.

तर मार्जोरीबाई. १९२९ च्या ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि अमेरिकेत बेकारीचे दिवस आले. न्यूयॉर्कमध्ये पोटभर अन्नासाठी रांगा लागल्या. बाईंनी आपले दागिने बँकेच्या तिजोरीत बंद केले, त्यांच्या विम्याचे जे हप्ते वाचले ते पैसे लंगरखान्याला लावले. 'साल्व्हेशन आर्मी' या संस्थेमार्फत तो चाले आणि तिथे खास करून स्त्रिया आणि मुलांना जेवण मिळे, कारण रांगेत पुरुषांच्या धक्काबुक्कीत त्यांना जागा मिळत नसे. पहिल्या महायुद्धाच्या वेळीही त्यांनी फ्रान्समधील एका मोठ्या रेडक्रॉस इस्पितळाचा खर्च उचलला होता.

घरसंसार मात्र टिकला नाही. एकूण चार विवाह झाले आणि चारही तलाकने संपले. हटन यांच्याशी १९३५ मध्ये फारकत झाली आणि त्याच वर्षाअखेर हटन यांनी कंपनीचे अध्यक्षपदही सोडले. त्यानंतर १९३६ मध्ये, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, मार्जोरीबाई जनरल फूड्सच्या संचालक झाल्या. वडिलांच्या मृत्यूपासून मोजले तर बावीस वर्षे गेली होती. पुढे १९५८ पर्यंत, म्हणजे आणखी बावीस वर्षे, त्या त्या खुर्चीवर बसल्या.

तिसरे पती जोसेफ डेव्हिस १९३७-३८ मध्ये मॉस्कोला अमेरिकेचे राजदूत होते. सोव्हिएत सरकार तेव्हा बादशाही काळातील वस्तू विकायला काढत होते. बाईंनी त्या मोठ्या प्रमाणात घेतल्या. वॉशिंग्टनमधील त्यांच्या 'हिलवूड' या घरात तो संग्रह आहे. तिथेच कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या पेढीने १९२३ मध्ये घडवलेला एक दागिना आहे, त्यात मोगल काळातील कोरीव पाचू जडवलेले आहेत. आपल्याकडच्या कारागिराच्या हातचे काम तिथे काचेआड बसले आहे; कारागिराचे नाव अर्थातच कोणाला माहीत नाही.

घरांच्या बाबतीत घडले ते वक्फच्या मुतवल्लींनी वाचण्यासारखे आहे. फ्लोरिडात पाम बीच येथे त्यांनी १९२७ मध्ये 'मार-ए-लागो' नावाचा शंभराहून अधिक खोल्यांचा महाल पुरा केला होता. राष्ट्राध्यक्षांना आणि परदेशी पाहुण्यांना उतरण्यासाठी तो वापरावा म्हणून त्यांनी तो मृत्युपत्राने अमेरिकन सरकारला दिला. देखभालीसाठी जी तजवीज केली होती ती पुरेना. राष्ट्राध्यक्षांनी तो वापरला नाही आणि काही वर्षांनी सरकारने तो पोस्ट यांच्या संस्थेला परत केला. हिलवूडचेही तेच झाले. स्मिथसोनियन संस्थेला दिले, खर्च झेपत नाही म्हणून तेही परत आले, आणि १९७७ पासून ते कुटुंबाच्या संस्थेमार्फत संग्रहालय म्हणून चालते. इमारत दान करताना तिच्या डागडुजीचे उत्पन्न कुठून येणार हे लिहून ठेवले नाही तर दोन कोटींच्या वारसाचीही अशी गत होते; मग आपल्या गल्लीतील मुसाफिरखान्याचे काय सांगावे. मार-ए-लागो १९८५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी विकत घेतला. मृत्युपत्रात राष्ट्राध्यक्षांसाठी ठेवलेले घर शेवटी राष्ट्राध्यक्षाकडेच गेले, पण खरेदीखताने.

मार्जोरीबाईंना तीन मुली होत्या. धाकटी डीना मेरिल या नावाने नटी म्हणून गाजली. तिघींपैकी कोणीही जनरल फूड्सची धुरा हाती घेतली नाही. १९८५ मध्येच फिलिप मॉरिस या सिगारेटच्या कंपनीने जनरल फूड्स पाच अब्जांहून अधिक डॉलर देऊन खरेदी केली आणि पुढे ते नाव क्राफ्टमध्ये मिसळून गेले. पोस्टमचे उत्पादन २००७ मध्ये थांबले. काही वर्षांनी एका छोट्या कंपनीने ते पुन्हा बाजारात आणले. ग्रेप-नट्स मात्र पोस्ट याच नावाने आजही विकले जाते.